लिम्बवरचा पाउंड आणि हाताला लागणारा पाउंड

लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या वर-खाली बसणाऱ्या वाकणाऱ्या पात्याच्या, बुडाशी एक छोटा शिक्का असतो: 68-34. म्हणजे धनुष्याची लांबी 68 इंच आणि ओढीचं वजन, म्हणजे पूर्ण ओढायला लागणारा जोर, 34 पाउंड. कोकणातला तिरंदाज बहुतेक वेळा एवढ्या दोन आकड्यांवर लिम्ब मागवतो, कारण ओढून बघायला मिळत नाहीत, खोकं थेट कुरियरने दारात येतं. मग पहिल्याच दिवशी कळतं की शिक्का तोच असला तरी एक जोडी गालापर्यंत सहज येते आणि दुसरी हनुवटीच्या अलीकडे अडून बसते. हा लेख त्या फरकाबद्दल आहे. नेमासाठीची साइट, ओढ पूर्ण झाल्याची खूण देणारा क्लिकर, तोलासाठीचा स्टॅबिलायझर यांपैकी काही न लावता, बोटांनी ओढून, शेल्फवरून (मुठीच्या वरच्या, बाण टेकवायच्या कडेवरून) बाण मारणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे. लिम्बच्या जाहिराती मुख्यतः 70 मीटरवर मारणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. आपल्या कामाचं त्यात थोडंच असतं. साध्या धनुष्यासाठी लिम्ब निवडताना वेगाच्या आकड्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: ओढीचे शेवटचे दोन इंच, आणि लिम्ब आडवा किती पिळतो ते.

शिक्क्यावरचं वजन कुठे मोजलेलं असतं

आज बहुतेक सुट्या लिम्बांची जोडणी आयएलएफ (इंटरनॅशनल लिम्ब फिटिंग) पद्धतीची असते. अमेरिकी धनुष्यकार एर्ल हॉइट यांच्या रचनेतून ती आली आणि पुढे बाकीच्या कंपन्यांनी उचलली. एका कंपनीचा रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला मुठीचा भाग, आणि दुसऱ्या कंपनीचे लिम्ब त्यामुळे एकत्र बसतात. हॉइट कंपनीचीच फॉर्म्युला नावाची जोडणी मात्र वेगळी आहे, ते लिम्ब आयएलएफ रायझरमध्ये बसत नाहीत. सेकंडहँड घेताना ही चूक सहज होते. तिसरा प्रकार एका बोल्टने आवळायच्या लिम्बांचा. सॅमिक सेजसारखी 62 इंची तीन तुकड्यांची धनुष्यं त्यातली. ती स्वस्त आणि दणकट असतात, पण टिलर (वरच्या-खालच्या लिम्बांचा तोल) किंवा वजन बदलायची सोय त्यांत नसते.

आयएलएफ लिम्बवरचा आकडा साधारणपणे 25 इंची रायझरवर आणि 28 इंच ओढीवर धरलेला असतो. या रायझरवर शॉर्ट लिम्ब लावले की धनुष्य 66 इंच होतं, मीडियमने 68, लाँगने 70. तेच मीडियम लिम्ब 19 इंची रायझरवर चढवले तर धनुष्य 62 इंचांचं होतं आणि वजन वाढतं. रायझर जितके इंच लहान, जवळपास तितके पाउंड जास्त, असा ढोबळ हिशेब ठेवावा. म्हणजे 34 पाउंडाची जोडी 19 इंची रायझरवर 39-40 पाउंडांपर्यंत जाते. रायझरच्या खाचेचा कोन वेगळा असेल तर एखाद-दोन पाउंड आणखी इकडेतिकडे होतात. शिवाय पारंपरिक धनुष्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही लिम्बांचा आकडा मुळातच लहान रायझरवर मोजलेला असतो. त्यांच्यात परत सहा पाउंड मिळवले तर हिशेब सरळ चुकतो. मागवण्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारावं: हा आकडा किती इंची रायझरवरचा आहे?

28 इंच म्हणजे नेमके कुठून कुठे, यातही घोळ होतो. बाणाच्या नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या, खाचेपासून मुठीच्या सर्वांत खोल जागेपर्यंत सव्वासव्वीस इंच मोजायचे आणि त्यात पावणेदोन मिळवायचे, झाले 28. नुसत्या बाणाच्या टोकापर्यंत टेप लावून ‘माझी ओढ 29’ म्हणणाऱ्याची खरी ओढ पुष्कळदा 27 निघते. या टप्प्यावर दर इंचाला साधारण 2 पाउंडांचा फरक पडतो. 40 चं धनुष्य हातात प्रत्यक्ष 38 चंच असतं, आणि त्या 40 वर बेतून घेतलेले बाण मग ताठ, म्हणजे हवे त्यापेक्षा कमी वाकणारे, पडतात.

ताणकाट्यावर ओढ मोजणं

लिम्बचा स्वभाव जाणून घ्यायला फार काही लागत नाही. मासळीवाल्यांकडे किंवा गॅस सिलिंडर तोलायला असतो तसला 50 किलोचा डिजिटल टांगता काटा पुरतो. घराच्या वाशाला किंवा भक्कम आड्याला काटा टांगावा. काट्याच्या हुकला कापडाची पट्टी गुंडाळावी, नाहीतर सर्व्हिंगचा, म्हणजे दोरीच्या मधोमध गुंडाळलेला, धागा कापला जातो. एका लांब बाणावर मुठीच्या खोल जागेपाशी वाचता येतील अशा इंचाइंचाच्या खुणा मार्करने कराव्यात. दोरी काट्याला अडकवावी, बाण दोरीला नॉक करावा, आणि रायझरची मूठ दोन्ही हातांनी धरून सरळ खाली ओढावी. एकाने ओढायचं, दुसऱ्याने वाचायचं. खुणेवर येताच आकडा टिपायचा आणि पुढे जायचं. थांबून राहिलं किंवा पुढे जाऊन मागे आलं की काटा कमी दाखवतो, कारण लिम्ब परत येताना घेतलेली सगळी शक्ती देत नाही. म्हणून नेहमी ओढतानाचेच आकडे घ्यावेत, तीनदा घेऊन मधला धरावा. किलोला 2.205 ने गुणलं की पाउंड. परत येताना मूठ हळू सोडायची. बाणाशिवाय दोरी सुटली तर लिम्ब तिथेच फुटू शकतो.

समजण्यासाठी दोन जोड्यांचे नमुन्याचे आकडे घेऊ. पहिलं धनुष्य 64 इंची. 24 इंचांवर 31 पाउंड, पुढे दर इंचाला 2.0, 2.0, 2.1, 2.1 अशी वाढ होत 28 वर 39.2, आणि 29 वर 41.4. दुसरं 58 इंची. 24 वर 29.6, पुढे 2.1, 2.3, 2.5, 2.8 असं चढत 28 वर 39.3, आणि 29 वर थेट 42.6. शिक्का दोघांवर 39 चाच बसेल. पण दुसऱ्याच्या शेवटच्या इंचाला 3.3 पाउंड लागले, आणि ते नेमके खांदा मागे जाण्याच्या, पाठीचे स्नायू आवळण्याच्या क्षणी लागले. हाताला भिंत लागल्यासारखं वाटतं ते याच जागी. अशा धनुष्याला शेवटी ‘चढणारं’ म्हणायचं.

वेळ असेल तर ब्रेस हाइटपासून (न ओढता मूठ आणि दोरी यांच्यात असतं त्या अंतरापासून) पूर्ण ओढीपर्यंत प्रत्येक इंचाचा आकडा घ्या, शेवटचा आकडा अर्धाच धरून सगळ्यांची बेरीज करा आणि 12 ने भागा. लिम्बमध्ये साठलेली ऊर्जा फूट-पाउंडांत मिळते. ती पूर्ण ओढीच्या वजनाने भागली की तुलनेला सोपा आकडा हाती येतो. 0.90 च्या खाली असेल तर लिम्ब सुरुवातीला पोकळ आणि शेवटी जड आहे. 0.93-0.95 म्हणजे चांगला रिकर्व्ह (टोक पुढे वळलेला लिम्ब). 1 च्या वर जाणारे लिम्ब खोल हुकचे असतात, त्यांच्याकडे पुढे येऊच.

अर्धा इंच कमी ओढलं तर

इथे एक गैरसमज पसरलेला आहे, तो आधी दूर करायला हवा. शेवटी चढणाऱ्या लिम्बवर ओढ अर्धा इंच चुकली तर बाण जास्त खाली-वर जातो, असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब तसं सांगत नाही. 39 पाउंडांवर अर्धा इंच कमी ओढला की दीड-पावणेदोन फूट-पाउंड ऊर्जा कमी पडते. एकूण साठा 36-37 फूट-पाउंडांचा, म्हणजे घट साडेचार टक्क्यांच्या आत. वेग ऊर्जेच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून तो सव्वादोन टक्क्यांनी पडतो. बाण सेकंदाला 180 फुटांनी, म्हणजे 55 मीटरने जात असेल तर 18 मीटरवर तो अडीच सेंटिमीटर आणि 30 मीटरवर साडेसहा सेंटिमीटर खाली लागेल. लिम्ब मऊ असो वा चढणारा, पूर्ण ओढीचं वजन सारखं असेल तर हा फटका जवळपास सारखाच बसतो.

फरक पडतो तो माणसात. क्लिकर नसल्याने ओढ पूर्ण झाली हे सांगणारं बाहेरचं काही नसतं. गाल, दात, पाठ यांच्यावरूनच ओळखायचं असतं. चढणारा लिम्ब तिथे पोचायच्या आधीच थांबवतो. पहिल्या दहा बाणांना ओढ 28 येते, तिसाव्या बाणाला साडेसत्तावीस होते, आणि ते मारणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. शिवाय दोरी पकडायला बोटं जास्त वळवावी लागतात, मग सोडताना ती दोरीला आडवी ढकलतात. म्हणजे बाण नुसता खाली जात नाही, डावी-उजवीकडेही पसरतो. सराव संपताना लक्ष्यावर बाणांचा गट खालच्या बाजूला आणि आडवा पसरलेला दिसत असेल तर दोष नजरेचा असेलच असं नाही. ताणकाट्याचा कागद काढून शेवटचे दोन इंच बघावेत.

चढ येतो कुठून

सरळ कारण दोरीचा कोन आहे. पूर्ण ओढीवर लिम्बचं टोक आणि दोरी यांच्यातला कोन काटकोनाकडे जायला लागला की दोरीची टोकावरची पकड संपते. त्यापुढे तुम्ही टोक वाकवत नाही, नुसतं खेचता. धनुष्य जितकं आखूड तितका हा कोन लवकर येतो. त्यामुळे पहिला उपाय लांबीचा. 26 इंची ओढीला 60-62 इंच पुरतं. 28 ला 64 च्या खाली जाऊ नये, 66 असेल तर उत्तम. 29-30 इंच ओढणाऱ्याने 68 घ्यायला लाजू नये. रानातून फिरताना लांब धनुष्य अडतं ही तक्रार खरी आहे, पण कोकणातला बराच सराव सड्यावर किंवा कापणीनंतरच्या खाचरात होतो. तिथे दोन इंच जास्त असल्याने काही बिघडत नाही.

दुसरा उपाय हुकचा. रिकर्व्हचं टोक पुढे वळलेलं असतं आणि ब्रेसवर दोरी त्यावर टेकलेली असते. ओढायला लागलं की दोरी हळूहळू उचलली जाते, म्हणजे धनुष्य ओढता ओढता ‘लांब’ होतं. हुक जितका खोल तितकी दोरी उशिरा सुटते आणि शेवटचे इंच तितके सपाट वाटतात. स्कॉटलंडची बॉर्डर आणि फ्रान्सची उखा यांनी ही कल्पना फार पुढे नेली. सुपर रिकर्व्ह म्हणतात ते हेच. सुरुवातीलाच वजन येतं, मधे भरीव लागतं, आणि शेवटी इंचाला दीड पाउंडाच्या आसपासच वाढ होते. पहिल्यांदा ओढणाऱ्याला ते धनुष्य शिक्क्यापेक्षा जड वाटतं, कारण 20 इंचांवरच हाताला भार जाणवतो. गालापाशी मात्र ते आश्चर्य वाटावं इतकं शांत असतं.

त्याची किंमतही मोजावी लागते. खोल हुकचा लिम्ब आडव्या पिळाला फार संवेदनशील असतो. दोरी हुकच्या मध्यरेषेवरून मिलिमीटरभर सरकलेली असेल तर साध्या लिम्बला ते चालून जातं, याला नाही. परत येताना दोरी हुकवर आपटते म्हणून आवाजही जास्त येतो. नवशिक्याने पहिली जोडी सुपर रिकर्व्हची घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बोटांची सुटका स्थिर होईपर्यंत तो लिम्ब तुमच्या चुका मोठ्या करून दाखवत राहतो.

आडवा ताठपणा, आणि आत काय भरलंय

बोटांनी दोरी सोडताना ती सरळ पुढे जात नाही. आधी बोटांना वळसा घालून किंचित बाजूला जाते, मग मधे येते. तेवढ्या वेळात टोक पिळलं गेलं तर दोरी दर बाणाला वेगळ्या वाटेने परतते. म्हणून लिम्ब ओढायला मऊ आणि पिळायला ताठ हवा. या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणं म्हणजेच आधुनिक लिम्बची सगळी कारागिरी.

तपासायचं असं. धनुष्य दोरी चढवलेल्या अवस्थेत मांडीवर ठेवावं, वरचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच डावी-उजवीकडे पिळावं. मग शेजारी दुसरी जोडी ठेवून तेच करावं. फरक बोटांना लगेच कळतो. जोर मात्र लावू नये.

लिम्बच्या पाठीवर आणि पोटावर काचतंतूचे किंवा कार्बनचे पातळ थर असतात, मधे गाभा असतो. लांबीच्या दिशेने जाणारे तंतू वाकण्याचं काम करतात. पिळाला विरोध होतो तो 45 अंशात तिरके विणलेल्या थरांमुळे. महाग लिम्बमधला पैसा मोठ्या प्रमाणात याच तिरक्या कार्बनमध्ये जातो. नुसत्या लांब तंतूंचा एक कार्बन थर घालून ‘कार्बन लिम्ब’ म्हणून विकलेली जोडी पिळाला काचेच्या जोडीइतकीच ढिली असू शकते. त्यामुळे खरेदी करताना कार्बन आहे का, एवढं विचारून भागत नाही. तिरका थर आहे का, ते विचारा.

गाभा मेपलचा, बांबूचा किंवा फोमचा. लाकडी गाभ्याच्या लिम्बची सुटका मऊ आणि आवाज खर्जातला. फोम आणि कार्बन एकत्र असले की सुटका कोरडी, झटकन होणारी, आवाज थोडा वरच्या पट्टीतला. टोकं हलकी असतील तर हाताला बसणारा झटका कमी होतो, कारण बाण सुटल्यावर थांबवायला वस्तुमानच कमी उरतं. काहींना लाकडाची ती गोलाई आवडते, त्यात चुकीचं काही नाही. वेगाचा फरक मात्र लोक समजतात तेवढा नसतो. त्याच वजनाची साधी काच-मेपल जोडी आणि महाग कार्बन-फोम जोडी यांच्यात सेकंदाला काही फुटांचाच फरक पडतो. 360 ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) बाण 320 ग्रेनचा केला तरी जवळपास 7 फूट मिळतात. पण बाण हलका करताना पाउंडाला 8 ग्रेनच्या खाली जाऊ नये. तिथून पुढे बाण न घेणारी ऊर्जा लिम्बच्या सांध्यांत जाते, आणि काही कंपन्यांची वॉरंटीही तिथे संपते.

दोरी, ब्रेस हाइट, टिलर

एकच लिम्ब डॅक्रॉनच्या, म्हणजे ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याच्या, दोरीवर आणि कमी ताणणाऱ्या दोरीवर दोन वेगवेगळे लिम्ब वाटतात. डॅक्रॉन ताणते, झटका गिळते, आवाज कमी करते आणि वेग थोडा खाते. 40 पाउंडांना डॅक्रॉनचे 12 ते 14 धागे, 8125 सारख्या आधुनिक धाग्याचे 16 ते 18. जुन्या एकसंध धनुष्यांची टोकं मजबूत केलेली नसतील तर त्यांना डॅक्रॉनच लावायची. न ताणणारी दोरी टोकाच्या खाचेतून लिम्ब चिरते.

ब्रेस हाइट कंपनीने दिलेल्या मर्यादेतच ठेवावी. अंदाज म्हणून 62-64 इंची धनुष्याला साडेसात ते सव्वाआठ इंच, 66 ला सव्वाआठ ते पावणेनऊ, 68 ला साडेआठ ते नऊ. सुपर रिकर्व्हची मर्यादा याहून खाली असते. सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. दोरीला तीन-चार पीळ द्या, सहा बाण मारा, ऐका. पुन्हा तीन-चार पीळ. एका जागी खणखणाट जाऊन ठोका दबका होतो, तीच त्या जोडीची जागा. ती मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.

टिलर म्हणजे दोरीपासून वरच्या आणि खालच्या लिम्बच्या बुडापर्यंतच्या अंतरांतला फरक. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरणाऱ्याला वरचं अंतर 3 ते 6 मिलिमीटर जास्त लागतं. तिन्ही बोटं बाणाखाली असतील तर शून्यापासून सुरुवात करावी. स्ट्रिंग वॉकिंग करणाऱ्याला, म्हणजे अंतराप्रमाणे बोटं दोरीवर खाली सरकवणाऱ्याला, खालचा लिम्ब जास्त भरतो. त्याला शून्य किंवा किंचित उलटा टिलर मानवतो. जितकं खाली सरकाल तितका लिम्बचा ताल बिघडतो. आखूड धनुष्यावर तर ते कानालाही कळतं. लिम्बला रायझरवर धरणारे लिम्ब बोल्ट फिरवून एकूण वजन साधारण पाच टक्के वर-खाली करता येतं, 40 ला दोन पाउंड. आधी लॉक स्क्रू ढिला करायचा, दोन्ही बोल्ट सारखेच फिरवायचे, पुन्हा लॉक आवळायचा. लॉक ढिला राहिला तर दर बाणाला येणारी घरघर लोक लिम्बच्या माथी मारतात. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे बाहेर काढू नये. धरायला आटेच उरत नाहीत.

खारी हवा, पाऊस आणि मे महिना

शिंगाची आणि जनावरांच्या कंडरांची जुनी रिकर्व्ह धनुष्यं सरसाने चिकटवलेली असत, आणि सरस दमट हवेत सुटतो. मुघल काळात हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं बनवली गेली, त्यामागे हवेला न बधणारं आणि शस्त्रागारात पडून राहिलं तरी टिकणारं धनुष्य ही सोय होती. बांबूच्या तिरकमठ्यालाही पाऊस सोसत नाही. सिंधुदुर्गातला माणगा भरीव आणि चिवट असला तरी ओल धरला की मऊ होतो, आणि दोरी चढवून ठेवला की वाकूनच राहतो. इंडियन राउंडमध्ये बांबूच्या धनुष्याने 30 आणि 50 मीटरवर मारणाऱ्यांना ही वजनाची घट चांगली माहीत असते. काच-कार्बनचा लिम्ब या बाबतीत खरंच वरदान आहे. त्याला ओलीचं भय फारसं नाही. भय आहे ते उन्हाचं.

मे महिन्यात किनाऱ्यावर काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत तापमान 60 अंशांच्या वर जातं. लिम्बचे थर धरून ठेवणारं इपॉक्सी तिथे मऊ पडायला लागतं. त्यात दोरी चढवलेली असेल तर लिम्ब त्याच आकारात पिळून बसतो, आणि थंड झाल्यावर पीळ कायमचा राहतो. काळ्या कापडी पिशवीत उन्हात ठेवलेल्या धनुष्याचंही तेच. सराव चालू असताना धनुष्य सावलीत टांगा, दोन फेऱ्यांमध्ये फार वेळ जाणार असेल तर दोरी उतरवा. गरम दिवशी दोरीतलं मेण सैल होऊन ब्रेस हाइट दोन-तीन मिलिमीटर उतरते. सकाळी मतलई वाऱ्यात जुळवलेलं धनुष्य दुपारी खारे वारे सुटल्यावर वेगळा आवाज काढायला लागलं तर आधी ब्रेस हाइट मोजून बघा, मग लिम्बला दोष द्या.

पावसात लाकडी गाभ्याच्या लिम्बची कड तपासत राहावी. पाठ-पोट काचेने झाकलेलं असतं, पण बाजूंना फक्त लॅकरचा थर असतो. जांभ्याच्या चिऱ्यावर धनुष्य टेकवलं की हा थर खरवडतो आणि ओल तिथून आत जाते. छोट्या ओरखड्याला कोरडं करून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात पुरतात. दोरीचा आवाज दाबायला तिच्यावर बांधलेले लोकरीचे सायलेन्सर पावसात पाणी पितात, दोरी जड होते आणि बाण खाली जातो. जून ते सप्टेंबर रबराचे लावावेत.

मीठ लिम्बपेक्षा त्याच्या बुडाला छळतं. अॅल्युमिनियमचा रायझर आणि पोलादी बोल्ट यांच्यामध्ये खारी ओल साचली की पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. महिन्यातून एकदा बोल्ट पूर्ण काढून, पुसून, आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा. लिम्बच्या बुडातली स्प्रिंगवाली छोटी पिन पुळणीतल्या वाळूने अडकते. ती आत-बाहेर खेळत नसेल तर दोरी चढवायच्या आधी लिम्ब खाचेतून निसटून खाली पडतो आणि टोक फुटतं. गोड्या पाण्यात भिजवलेला जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब.

घरात लिम्ब कोपऱ्यात टोकावर उभे करू नका. आडवे, कापडी पिशवीत, वर काही न ठेवता असू द्या. ओले लिम्ब प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नकोत. सिलिका जेलची पुडी ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला. बोटं जपणाऱ्या कातडी टॅबला श्रावणात बुरशी येते तीही याच पुडीने आटोक्यात राहते.

जुनी जोडी हातात आली तर

सेकंडहँड लिम्ब बघायला दहा मिनिटं पुरतात. कापसाचा बोळा दोन्ही कडांवरून आणि टोकांवरून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे तंतू सुटलेले आहेत. बुडाच्या वळणाजवळ आणि टोकाच्या खाचेशी उजेड तिरका पाडून बघा. आडवी पांढरी रेघ म्हणजे थर सुटायला लागला. लांबीच्या दिशेची बारीक रेघ पुष्कळदा नुसत्या रंगाची असते, नखाला लागली तरच काळजी करावी. नाण्याने बुडाकडून टोकाकडे हलकेच टिचकी मारत जा, आवाज एके ठिकाणी बद्द झाला तर आत पोकळी आहे. मग स्ट्रिंगर (धनुष्य वाकवून दोरी चढवायचं साधन) वापरूनच दोरी चढवा. पाय घालून, मांडीवर वाकवून चढवण्याची सवय हेच पिळलेल्या लिम्बांचं सर्वांत मोठं कारण. धनुष्य खुर्चीच्या पाठीवर टेकवून मागून एका डोळ्याने बघा: दोरी दोन्ही लिम्बांच्या बरोबर मधून जायला हवी. एकाच लिम्बवर ती बाजूला दिसत असेल तर आधी रायझरच्या आडव्या जुळणीने प्रयत्न करा. मग दोन्ही लिम्ब दुसऱ्या रायझरवर लावून बघा. तिथेही तोच लिम्ब तिरका दिसला तर तो पिळलेला आहे. कितीही स्वस्त मिळत असला तरी परत द्या.

शेवटी थोडं थोडं ओढत पूर्ण ओढीपर्यंत या आणि तसंच हळू परत जा. टिक्-टिक् असा आवाज बुडातून आला तर लिम्ब खाचेत नीट बसलेला नसेल, काढून पुन्हा बसवा. आवाज लिम्बच्या मधून आला तर तिथेच थांबा आणि दोरी उतरवा.